रमाबाईंचं बायबल-वाचन आणि एक उघडं दार



आमच्या ऑफिसात पन्नाशीचा एक इंग्रज सहकारी आहे. डेटाबेसचं काम बघतो. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सँडविच आणि एक जुनं बायबल घेऊन छोट्या मीटिंग रूममध्ये बसतो. आणखी तिघं-चौघं येतात, एखादं पान वाचतात, त्यावर बोलतात आणि दीड वाजता परत कामाला लागतात. एकदा त्याचं ते पुस्तक टेबलावर उघडं दिसलं. समास पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले, प्रश्नचिन्हं, तारखा. मला जरा धक्काच बसला. आमच्या घरी ज्ञानेश्वरी लाल फडक्यात बांधलेली असायची. पारायणाला सोडायची, नमस्कार करायचा, परत बांधायची. त्यात पेन्सिल चालवली असती तर आजीनं हात मोडला असता!

त्याला विचारलं, "इतकी वर्षं एकच पुस्तक वाचतोयस, अजून काय शिल्लक आहे?" म्हणाला, "ते पुस्तक मला प्रश्न विचारतं. सगळ्यांची उत्तरं अजून देऊन झाली नाहीत."

मी ख्रिश्चन नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या उत्तरावरून मला एकदम पंडिता रमाबाई आठवल्या. एक तर त्यांचा बाप्तिस्मा माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झाला. आणि दुसरं म्हणजे, श्रद्धावान ख्रिश्चनाला बायबल स्वतः वाचणं एवढं महत्त्वाचं का वाटतं, हे मला चर्चमध्ये जाऊन नाही, या कोकणस्थ बाईंच्या चरित्रातून कळलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांशी वाद ओढवून घेतला, आणि त्या आईनं रमेला शिकवलं. भागवत मुखोद्गत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पण खरी गंमत पुढे आहे. केशवचंद्र सेनांनी विचारलं, वेद वाचलेत का? या म्हणाल्या, नाही, बायकांना अधिकार नाही. सेनांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि वाचा म्हणाले. हजारो श्लोक पाठ असलेल्या बाईला 'हे वाच' असं सांगायला कोणीतरी लागलं, हे मला फार बोलकं वाटतं. पुढे शास्त्रं वाचताना त्यांना दिसलं की बाकी बाबतींत ग्रंथांचे आपसात मतभेद आहेत, पण बाईच्या हीनपणाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. हे त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. आपल्याला पटो न पटो, त्या हे वाचून बोलत होत्या, ऐकून नाही.

लग्नानंतर आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं, बंगालीत छापलेलं. म्हणजे बायबलशी खरी ओळख झाली ती एका पातळ पुस्तिकेतून. १८८२ मध्ये पती गेले, आणि १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या. वाँटेजच्या सेंट मेरी जोगिणींच्या मठात उतरल्या. (याच जोगिणींची शाखा पुण्यात पंचहौदाला होती. हो, १८९० च्या चहा-प्रकरणाचा तोच पंचहौद.) २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा झाला.

गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम वाँटेजला जाऊन आलो. छोटंसं गाव. बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, १८७७ मध्ये बसवलेला. त्याचा जन्म इथलाच, इ.स. ८४९ चा. अकराशे वर्षांपूर्वी या राजानं लिहिलं होतं की सगळ्यांना कळणं अत्यावश्यक आहे अशी पुस्तकं सगळ्यांच्या भाषेत यायला हवीत. पहिल्या पन्नास स्तोत्रांचं जुन्या इंग्रजीतलं भाषांतर त्याच्याच नावावर आहे. तरीसुद्धा पुढे याच देशात इंग्रजी बायबल हा गुन्हा ठरला. विल्यम टिंडेलनं नवा करार भाषांतरित करून १५२६ मध्ये जर्मनीत छापून घेतला आणि चोरून इकडे पाठवला. लंडनच्या बिशपनं प्रती जाळल्या. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ खुद्द टिंडेलला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. नांगर धरणाऱ्या पोरालाही धर्मग्रंथ कळावा, एवढाच त्याचा हट्ट. वाचण्याचा अधिकार ख्रिश्चनांनाही फुकट मिळालेला नाही. म्हणून तर तो सहकारी समासात पेन्सिल चालवतो!

रमाबाईंनी हा अधिकार फारच मनावर घेतला. त्यांची आणि सिस्टर जेराल्डिनची पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापली. मिळाली तर जरूर वाचा. सिस्टरचं म्हणणं असं की चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारायची. रमाबाई म्हणतात, मी बायबल वाचलंय, त्यात मला हे दिसत नाही, तर मी कसं मानू? आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून आत्ता कुठे सुटले, आता तुमचं जोखड मानेवर घ्यायचं का? क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, यावरही वाजलं. सिस्टरला हा अहंकार वाटला. मला वाटतं, ज्यांनी हातात पुस्तक दिलं त्यांनाच ती ते उलटून दाखवत होती.

आणि आता ते दार. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवांची शाळा, धर्मप्रचार नाही, असं पालकांना सांगितलेलं. रमाबाई रोज स्वतःच्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करत, आणि दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसायला लागल्या. पुण्यात गदारोळ. केसरीनं झोडपलं. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर यांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मी यात दोन्हीकडून अडकतो. रानड्यांनी पालकांना शब्द दिला होता, तो मोडतोय असं त्यांना वाटणं अगदी रास्त. पण रमाबाईंच्या जागी उभं राहून बघा. ज्या बाईला आयुष्यभर 'हा ग्रंथ तुझ्यासाठी नाही' असं ऐकावं लागलं, ती आपला ग्रंथ वाचताना दाराला कडी कशी घालणार? दार उघडं ठेवणं हाच तिच्या श्रद्धेचा भाग होता. किंमत ठाऊक असूनही तिनं ती मोजली.

मजा म्हणजे त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटला तो पुढे, वाचता वाचताच.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली केडगावला आणल्या. मुक्तीमध्ये अक्षरओळखीपासून सुरुवात. मराठी बायबल तेव्हा होतंच, नवा करार तर श्रीरामपूरच्या कॅरींनी १८११ मध्येच काढला होता. पण या मुलींना ते कळेना. मग बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सुमारे अठरा वर्षं एकटीनं भाषांतर करत राहिल्या. संस्कृतची सरस्वती, आणि अवघड संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत बसलेली, का तर खेड्यातल्या बाईला वाचताना अडायला नको. खिळे जुळवणं, छपाई, सगळं मुक्तीच्या छापखान्यात बायका-मुलींनीच केलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंची प्रुफं अजून संपायची होती. दहा दिवस आणखी मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा शेवटचं प्रूफ तपासून झालं होतं. संपूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं.

गेल्या बुधवारी हे सगळं त्या सहकाऱ्याला सांगितलं. सँडविच तसंच राहिलं. मग त्यानं विचारलं, "आणि तुमच्या घरातलं ते लाल फडक्यातलं पुस्तक? त्यात काय आहे?" मी पहिली ओवी म्हणून दाखवली. दुसरी अर्ध्यावर अडली.