मनगटावरच्या रेघा

1992 सालची गोष्ट. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात माजी सैनिकांसाठीचं एक सरकारी रुग्णालय आहे. तिथली एक सिस्टर, सू किनिक, भाड्याने घेतलेली मोटार परत करायला गेली होती. कंपनीचा माणूस हातात छोटं यंत्र घेऊन आला. मोटारीवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांवरून त्याने ते फिरवलं आणि जागच्या जागी हिशेब पुरा केला. गाडी कुठली, कोणी नेली, कधी नेली, काही विचारावं लागलं नाही. किनिकच्या मनात आलं, मोटारींसाठी हे जमतं, तर औषधांसाठी का जमू नये?

त्या वर्षी हजारो लोकांनी अशाच मोटारी परत केल्या असतील. रुग्णालयांचे संचालक, डॉक्टर, संगणकवाले, सगळ्यांनीच. मग हे सिस्टरलाच का सुचलं?

कारण औषधाच्या साखळीत शेवटचा हात तिचा असतो. डॉक्टर औषध लिहितो, कोणीतरी ते उतरवून घेतं, फार्मसीतून ते वॉर्डात येतं आणि सिस्टर ते रुग्णाला देते. बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांत केलेली एक पाहणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. डॉक्टरने लिहून देताना झालेल्या चुकांपैकी 48 टक्के चुका रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच कोणीतरी पकडल्या होत्या. प्रत्यक्ष औषध देताना झालेल्या चुकांपैकी पकडली गेलेली एकही नव्हती. फार्मासिस्टला आणि सिस्टरला डॉक्टरची चूक दिसू शकते. सिस्टरची चूक पाहायला तिच्यामागे कोणीच उभं नसतं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री नर्सिंगच्या विद्यार्थिनी पहिल्या वर्षापासून घोकतात. पण रात्रपाळीत, वीस-पंचवीस रुग्ण आणि एक ट्रॉली अशा हिशेबात, ती पाळायची ती एकटीच्या डोक्यात. किनिकला त्या मोटारवाल्याच्या हातातलं यंत्र दिसलं ते या एकटेपणातून.

आता या रेघांचं, म्हणजे बारकोडचं, मागचं कूळ पाहू. त्यांचा जन्म किराणा दुकानासाठी झाला. एका किराणा साखळीचा मालक फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत आला होता. गिऱ्हाइकाच्या मालाची नोंद गल्ल्यावर आपोआप व्हावी यासाठी काही करा, अशी विनवणी तो तिथल्या डीनला करत होता. ती बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याच्या कानावर पडली आणि त्याने आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड याला सांगितली. वुडलँडला बॉय स्काउटमध्ये असताना शिकलेली मोर्सची टिंब-रेघांची लिपी येत होती. 1949 च्या सुमारास मायामीच्या किनाऱ्यावर बसला असताना त्याने वाळूत बोटं ओढली आणि टिंब-रेघा खाली ओढल्या तर जाड-बारीक पट्ट्या होतात हे त्याला दिसलं. दोघांना 1952 मध्ये पेटंट मिळालं. त्यात सरळ पट्ट्यांबरोबर एकात एक वर्तुळंही होती, म्हणजे कुठूनही वाचता यावीत. कल्पना सुंदर, पण छापताना शाई पसरली की वर्तुळं फिसकटायची. सरळ उभ्या रेघांत शाई रेघेच्याच दिशेने पसरू दिली तर काही बिघडत नाही, हे ओळखून आयबीएमच्या जॉर्ज लॉरर याने आजचं रूप ठरवलं. 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट त्या रेघांनिशी पहिल्यांदा गल्ल्यावरून गेलं.

मधे एक फाटा फुटला होता. अमेरिकन रेल्वेने साठच्या दशकाच्या अखेरीस मालडब्यांवर रंगीत पट्ट्या चिकटवून त्या रुळांलगतच्या यंत्रांनी वाचायचा घाट घातला होता. बहुतेक डब्यांवर पट्ट्या लागल्याही. मग धूळ, काजळी, चिखल बसला, डबे ओळखू येईनात, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस योजनाच गुंडाळली गेली. मळ हा या कुळाचा आनुवंशिक रोग म्हणायला हरकत नाही. शाई पसरली, चिखल उडाला की रेघ मुकी होते. आणि रुग्णालयाच्या वॉर्डाइतकी ओली, चिकट, चुरगळणारी जागा दुसरी कुठली?

रुग्णालयात बारकोड आधीच शिरलेला होता, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांनी 1977 पासूनच रक्ताच्या पिशव्यांवर तो घेतला होता. पण पिशवी शीतकपाटात निमूट पडून राहते. किनिकला तो खाटेपाशी हवा होता: एक रेघ रुग्णाच्या मनगटावरच्या बँडवर, एक औषधाच्या पाकिटावर, आणि दोन्ही वाचून ‘हे यालाच, आत्ताच’ असं सांगणारा पडदा ट्रॉलीवर.

तिच्या रुग्णालयाची मंडळी कामाला लागली. नशीब असं की माजी सैनिकांच्या या रुग्णालयांची संगणकप्रणाली बाहेरच्या कंपनीने विकलेली नव्हती. 1977 पासून रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी, फार्मासिस्टांनी आणि संगणकवाल्यांनी, बऱ्याचदा वरिष्ठांच्या नाराजीला न जुमानता, ती तुकड्या-तुकड्यांनी लिहिली होती. त्यामुळे वॉर्डातली कल्पना वॉर्डातच करून पाहता आली. अडचणी भरपूर होत्या. ट्रॉली खोलीतून खोलीत फिरते, तेव्हा वायर चालणार नाही. गोळीच्या पाकिटावर कंपनीचा बारकोडच नसे, तेव्हा फार्मसीने एकेक गोळी सुटी बांधून तिच्यावर आपली चिठ्ठी लावायची. टोपेकातला प्रयोग पाहून 1999 पासून ही पद्धत देशभरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नेण्यात आली. नोंदवल्या गेलेल्या चुका 1993 ते 2001 या काळात 86 टक्क्यांनी घटल्या, असं टोपेकाने सांगितलं. तो आकडा मी जरा हात राखूनच घेतो. नोंदवलेली चूक आणि झालेली चूक यांत अंतर असतं, हे कुठल्याही सिस्टरला विचारा.

बाहेरून, प्रत्यक्ष शेजारी उभं राहून मोजलेला आकडा 2010 मध्ये आला. बोस्टनच्याच एका रुग्णालयात 14,041 वेळा औषध दिलं जाताना निरीक्षकांनी पाहिलं. वेळेच्या चुका सोडल्या, तर बाकीच्या चुका बारकोड नसलेल्या वॉर्डांत 11.5 टक्के आणि असलेल्या वॉर्डांत 6.8 टक्के निघाल्या. औषध उतरवून घेतानाच्या चुका, ज्या आधी 6.1 टक्के होत्या, त्या पार नाहीशा झाल्या. घट मोठी आहे. उरलेले 6.8 टक्केही लहान नाहीत.

ते कुठून येतात याचा शोध या कुळकथेतला सगळ्यात वाचनीय भाग. 2002 मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सिस्टरांमागे फिरून संशोधकांनी पाहिलं, की यंत्र प्रत्येक उशिराची नोंद ठेवतं म्हणून त्या वेळ गाठायला धावू लागल्या आहेत. ठरावीक वेळ उलटली की औषध यादीतून आपोआप नाहीसं होतं आणि त्यांचा गोंधळ उडतो. 2008 मध्ये अमेरिकेतल्या इतर रुग्णालयांचा अभ्यास आला. त्यात सिस्टरांचे पंधरा प्रकारचे जुगाड नोंदवले होते. रुग्णाच्या बँडची जादा प्रत छापून ती दाराच्या चौकटीवर चिकटवायची, ट्रॉलीला लावायची किंवा सोबत बाळगायची. यंत्राने अडवलं तर ते डावलून पुढे जायचं; ज्या औषधांची नोंद झाली त्यांतली 10.3 टक्के अशी डावलून दिलेली होती.

हे वाचून व्यवस्थापक मंडळी सिस्टरांनाच दोष देतात. पण त्याच अभ्यासात कारणांची यादीही आहे, एकतीस कारणांची. बँड चावलेला, भिजलेला किंवा हरवलेला. पाकिटावरची रेघ चुरगळलेली, फाटलेली, दुसऱ्या चिठ्ठीखाली झाकलेली. बॅटरी संपलेली. वायरलेसचा पत्ता नाही. रुग्ण अत्यवस्थ, आणि यंत्र परवानगी मागत बसलेलं. शाई आणि चिखलाचं तेच जुनं दुखणं. दारावर बँडची प्रत चिकटवणं धोक्याचंच आहे, त्याने सगळी तपासणी पोकळ होते. तरी झोपलेल्या माणसाला पहाटे उठवून उशीखालचा हात शोधायचा नाही, असं ठरवणारी सिस्टर मला समजते. ती जुगाड जिथे करते तिथेच प्रणाली कुठे मोडते हे कळतं, आणि ते वाचता येणं हेही माहितीशास्त्रच आहे. किनिकने मोटारीजवळ जे केलं, त्याचंच हे दुसरं टोक.

या कौशल्याला तोवर नाव मिळून गेलं होतं. ‘नर्सिंग इन्फर्मेटिक्स’ हे शब्द 1980 मध्ये टोकिओत भरलेल्या वैद्यकीय संगणकशास्त्राच्या जागतिक परिषदेत शोल्स आणि बार्बर यांनी वापरले. अमेरिकेच्या नर्सिंग संघटनेने त्याला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती 1992 मध्ये, म्हणजे किनिकने मोटार परत केली त्याच वर्षी. योगायोगच. आज अभ्यासक्रमांत या शाखेचं रूप बरंचसं ‘कुठलं बटण कुठे’ इतकंच उरतं, ही माझी तक्रार. बटणं दर पाच वर्षांनी बदलतात. कुठल्या क्षणी चूक पकडायला कोणी नसतं, हे बदलत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये नियम करून औषधांच्या वेष्टनावर बारकोड सक्तीचा केला आणि फार्मसीच्या चिकट चिठ्ठ्यांचं ओझं कमी झालं. आपल्याकडे या रेघा वेगळ्या वाटेने येत आहेत. मोठ्या खासगी रुग्णालयांत मनगटाचे बँड रुळले आहेत. गुणवत्ता-मान्यता देणारी एनएबीएच ही संस्था रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवायला सांगते. सरकारी वॉर्डात मात्र ‘सात नंबरचं इंजेक्शन झालं का’ हीच भाषा अजून चालते, आणि खाट बदलली की रुग्णाचा नंबरही बदलतो. 1 ऑगस्ट 2023 पासून खपाच्या तीनशे औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं केंद्र सरकारने बंधनकारक केलं. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत हे सगळं असतं. पण तो नियम बनावट औषध ओळखण्यासाठी आहे, खाटेपाशी वाचण्यासाठी नव्हे. वेष्टनावर जागा अपुरी असेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापायची सूटही त्यात आहे. आणि खोकं तर फार्मसीतच राहतं. वॉर्डात सिस्टरच्या हाती येते ती कात्रीने कापलेली तीन गोळ्यांची पट्टी, जिच्यावर कधी औषधाचं अर्धं नाव उरतं, कधी नुसती मुदत. तिथे आपला बारकोड अजून पोहोचायचा आहे.