पावतीवरचं नाव

मुंबईत खोली भाड्याने घ्यायला पैसा लागायचाच, पण त्याच्या आधी माणूस लागायचा. माझे आजोबा गिरगावातल्या एका चाळीचे मेहताजी. भाडेवसुली, पावत्या, नळावरची भांडणं, सगळं त्यांच्या गळ्यात. कोणी खोली बघायला आलं की पगाराचा प्रश्न ते सगळ्यात शेवटी काढायचे. आधी गाव कुठलं, कोणाच्या ओळखीने आलात, नोकरी कायम की बदलीवर, घरात खाणारी तोंडं किती. गिरणीत बदलीवर असलेल्यासाठी कोणीतरी शब्द टाकावा लागे, बहुधा खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, किंवा त्याच मजल्यावरचा जुना भाडेकरू. भाडं थकलं की आजोबा आधी त्या शब्द टाकणाऱ्याच्या दारात जायचे.

ही पारख चोख होती, पण तिच्यात जातही पारखली जायची. गाव आणि आडनाव कळलं की पुढचं विचारायची गरजच उरत नसे, आणि ‘खोली नुकतीच गेली’ हे उत्तर तयार असे. आजोबांनीही ते दिलं असणार, आणि त्याचा मला राग येतो. खासगी मालकांच्या चाळींबाहेरही काही पर्याय उभे राहत होते. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. पुढे १९२०च्या दशकात सरकारने कर्ज काढून, कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी, चाळी उभारल्या. वरळी-नायगावच्या त्या चाळींत दलित कुटुंबं मोठ्या संख्येने राहायला आली.

पैशाचा खेळ खऱ्या अर्थाने बदलला तो १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं, साधारण तिथेच गोठलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण वासे कुजायचे थांबले नाहीत आणि गवंड्याची मजुरीही वाढायची थांबली नाही. मालकाने मग पगडीची वाट धरली. खोली सोडणारा येणाऱ्याकडून घसघशीत रक्कम घ्यायचा, त्यातला हिस्सा, बऱ्याचदा तिसरा, मालकाला द्यायचा, आणि मालक पावतीवर नवं नाव चढवायचा. नव्या इमारतींतही बांधकामाचा पैसा पगडीतून यायचा. म्हणजे मालकाला भांडवल पुरवणारा भाडेकरूच, फक्त व्याज नाही आणि मालकीही नाही.

कायद्याने हा व्यवहार गुन्हा होता, म्हणून लेखी काही नसे. नोटा पिशवीतून येत. त्यामागे मोडलेल्या पाटल्या असत, पतपेढीचं कर्ज असे, भिशीचा पहिला नंबर असे. आजोबांच्या लाल वहीत त्या दिवशी नोंद व्हायची ती एवढीच: खोली नंबर, नवं नाव, भाडं नऊ रुपये.

१९९९चा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि पगडी घेणं-देणं कायदेशीर ठरलं. आधी दिलेल्या रकमेचा पुरावा मात्र कोणाकडे असणार? आज चाळींच्या पुनर्विकासाच्या बैठकीला बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या पावत्या घेऊन येतात. त्यांवर अजून सासऱ्यांचं नाव असतं, कधी आजेसासऱ्यांचं. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस कायद्याने भाडेकरू होतो. तरीही नाव बदलून द्यायला कित्येक मालक पुन्हा रक्कम मागतात. ज्या घराने एकदा दागिने मोडून ही खोली घेतली, त्याच्याकडून नावापायी दुसऱ्यांदा पैसे घेणं हा अन्याय आहे, आणि बैठकीत तो बोलून दाखवायला हवा.