लुईस राजाचा रुपया

१८८१ सालच्या एका चांदीच्या नाण्यावर पोर्तुगालचा राजा पहिला लुईस याची मुद्रा आहे. नाणे मात्र पाडले इंग्रजांच्या कलकत्ता टांकसाळीने. वजन आणि कस ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाइतकाच. मित्रांनो, या धाग्यात त्या नाण्यामागचा व्यवहार पाहू.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात तह झाला. जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांचे चलन एकरूप झाले, जकातीच्या चौक्याही उठल्या. बेळगाव-कारवारकडच्या व्यापाऱ्याला गोव्याचे नाणे बदलताना सराफाचा बट्टा सोसावा लागत असे, तो वाचला.

भांडवलही आले. लंडनच्या कंपनीने मुरगाव बंदर व रेल्वे बांधली; १८८८ मध्ये ही वाट घाट चढून कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. पण गुंतवणूकदार केवळ रुपयावर भाळले नव्हते. पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी दिली होती. भांडवल पौंडांत, भाड्याचे उत्पन्न रुपयांत. त्यात चांदी घसरत गेली आणि १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२ पर्यंत जेमतेम सव्वा शिलिंगावर आला. रेल्वेची तूट पोर्तुगालच्या तिजोरीने भरली.

आता मिठाकडे वळू, कारण तहाची खरी किंमत तिथे कळते. गोव्याचे मीठ पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून घाटमाथ्यावर जाई. तहाने मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला, कर त्यांच्या दराचा झाला, अनेक मिठागरे बंद पडली. मोबदल्यात गोवा सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत. सरकारला मिळत, मिठागरावर राबणाऱ्याला नव्हे! माडीवरही मुंबई इलाख्याच्या धर्तीची अबकारी बसली. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांची संख्या वाढत गेली.

माझ्या मते, सामाईक नाण्याने बट्टा घालवला, एवढेच त्याचे निखळ श्रेय. बाकी नफा-नुकसान जकात, मीठ आणि हमी यांनी ठरवले, आणि त्यांतील बरेचसे निर्णय पणजीबाहेर होत होते.

१८९२ मध्ये तह संपला, चौक्या परतल्या. रुपिया मात्र टिकला. १९५५ मध्ये स्वतंत्र भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हाही सीमेच्या दोन्ही बाजूंना रुपयाच चालत होता. पुढे एस्कुदो आला, तो एका रुपियाला सहा या दराने.