बाळ अंगावर पीत असताना पुन्हा दिवस राहणे

बाळ अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत, असं घरोघरी सांगतात. हे अर्धंच खरं. बाळ पितं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं आणि बीजांड सुटणं थांबतं. पण याचा भरवसा कधी? बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरच्या दुधावर, आणि पाळी आलेली नाही, तेव्हाच. पुढे बीजांड पहिल्या पाळीच्या आधीही सुटतं. म्हणून काहींना पाळी न येताच दिवस जातात.

दुसरं मूल हवंय म्हणून दूध एकदम तोडू नये. पाळी नियमित असेल तर बहुधा गरजच नसते. नसेल तर बाळ वरचं खायला लागल्यावर रात्रीचं पाजणं हळूहळू कमी करावं. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर किमान 24 महिने थांबायला सांगते. सूरह बकराच्या 233 व्या आयतीतही दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षंच आहे. आधी सोडवायचं तर आईबापांनी आपसात सल्ला करून, राजीखुशीने. सासूबाईंच्या घाईने नव्हे, असं आम्ही म्हणू.

पोटुशीचं दूध बाळाला बाधतं, हे तर आम्ही पालकसभेतही ऐकलंय. बाधत नाही. सहीह मुस्लिममध्ये जुदामा बिन्ते वहब (रजि.) यांची हदीस आहे: रसूलुल्लाह (स.) यांनी पाजत्या बायकोशी संबंधाला, म्हणजे 'गीला'ला, मनाई करण्याचा विचार केला होता, पण रूमी-फारसी लोकांच्या मुलांना त्याने अपाय होत नाही हे पाहून केली नाही. दूध कमी होतं, चव बदलते, हे मात्र खरं. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याचं वजन बघत राहावं. आणि आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालं असेल, तर पाजायचं की नाही ते डॉक्टरीणबाईंना विचारूनच ठरवावं.