पागोट्याकडून पोलादाकडे

आपण सुरुवात गोदाकाठच्या राक्षसभुवनापासून करू. आजच्या बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या या तीर्थक्षेत्री 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. अंगावर चिलखत आणि डोक्यावर पोलादी टोप घालून सरदाराने लढाईला उतरण्याचा काळ तेव्हा सरत आला होता. बंदुकांची गोळी अडवायची तर टोपाचा पत्रा इतका जाड करावा लागे की माणसाला मानच हलवता आली नसती. पुढे 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याला मराठे आणि निजाम पुन्हा भिडले, तेव्हा निजामाकडून फ्रेंच सेनानी रेमाँ याची कवायती पलटण मैदानात होती. कवायती शिपायाला वेग हवा होता, वजन नव्हे. दख्खनच्या सैनिकाच्या डोक्यावरून लोखंड उतरले ते असे, आणि सव्वाशे वर्षे ते परत आले नाही.

या मधल्या काळाची एक खूण बीड जिल्ह्यातच आहे. आजच्या अंबाजोगाईला निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, ही गोष्ट वऱ्हाडचा इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक असते. पण त्या फौजेच्या स्वारांचे पुढे काय झाले, इकडे फारसे कोणी वळत नाही. 1903 मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या पहिल्या लान्सर्स पथकाला 20 वे डेक्कन हॉर्स हे नाव मिळाले. भाला आणि पागोटे, हाच त्यांचा सरंजाम. 1914 मध्ये हे घोडदळ फ्रान्सला गेले.

आता आपण क्षणभर न्यूयॉर्कला जाऊ, कारण आपल्या कथेचा विसरला गेलेला नायक तिथे आहे. बॅशफर्ड डीन हा मुळात माशांचा अभ्यासक, कोलंबिया विद्यापीठातला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. जुन्या चिलखतांचा त्याला लहानपणापासून नाद होता. तो नाद इतका वाढला की 1912 मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात शस्त्रास्त्रांचे स्वतंत्र दालन उभे राहिले, तेव्हा त्याचा पहिला अभिरक्षक तोच झाला. जगाला वाटत होते, हा निरुपयोगी जुन्या सामानाचा छंद आहे. दोनच वर्षांनी युरोपात युद्ध सुरू झाले आणि खंदकांतल्या सैनिकांच्या डोक्यांवर वरून शार्पनेलच्या गोळ्या बरसू लागल्या. सैनिकांच्या डोक्यावर काय होते? फ्रेंचांची कापडी केपी, इंग्रजांची कापडी टोपी आणि जर्मनांची टोकदार, पण चामड्याची पिकेलहाउबे.

फ्रान्सचा अधिकारी ऑगस्ट-लुई एद्रियाँ याने 1915 मध्ये आधी टोपीच्या आत घालायची पोलादी वाटी काढली आणि त्याच वर्षी पूर्ण शिरस्त्राण. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन ब्रॉडी याने उथळ परातीसारख्या टोपाचे पेटंट घेतले. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला हा टोप बनवायला सोपा आणि स्वस्त होता. शेफील्डच्या हॅडफील्डचे सुमारे 12 टक्के मँगनीज असलेले पोलाद वापरल्यावर त्याला बळकटीही आली. जर्मनीत फ्रिड्रिख श्वेर्ड या अभियंत्याने शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांच्यासोबत काम करून कानावर आणि मानेवर उतरणारा स्टालहेल्म घडवला. 1916 च्या आरंभी तो वर्दांच्या रणभूमीवर पोचला. अमेरिकेने युद्धात उडी घेतली तेव्हा डीन लष्कराच्या मदतीला धावला. त्याच्याच संग्रहालयात दानिएल ताशो हा फ्रेंच कारागीर जुनी चिलखते दुरुस्त करत असे. त्याच कार्यशाळेत नव्या टोपांचे नमुने घडले. या प्रयत्नांचा वृत्तान्त डीनने 1920 मध्ये ग्रंथरूपाने छापला. मला या सगळ्या इतिहासात हेच वळण सर्वांत मोलाचे वाटते. डीनसारख्या संग्राहकांनी जपलेल्या वस्तूंतून नव्या काळाने टोप घडवायची रीत पुन्हा शिकून घेतली, आणि लवकरच ते नवे टोपही संग्रहात जाऊन बसायचे होते.

आणि डेक्कन हॉर्स? 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी, सोमच्या लढाईत, हाय वूडजवळ या पथकाने सातव्या ड्रॅगून गार्ड्ससोबत भाले रोखून घोडे घातले. मशिनगनच्या युगात हा हल्ला मध्ययुगीनच म्हणावा असा. त्याच उन्हाळ्यात ब्रॉडीचे टोप लाखोंनी वाटले जात होते. मात्र मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात अडकलेल्या 103, 110 आणि 117 व्या मराठा पलटणींपर्यंत पोलाद पोचले नव्हते. 29 एप्रिल 1916 रोजी त्यांना शरणागती पत्करावी लागली. पागोट्यावर पोलादी परात बसत नाही, हाही प्रश्न होता. शीख सैनिकांनी दोन्ही महायुद्धांत टोप नाकारला आणि ते फेट्यानेच लढले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रॉडीच्या टोपाचा मार्क दोन अवतार हिंदी सैन्यात आला. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी याच सैन्यातल्या, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना खांद्यावर टाकून गोळीबारातून वाचवले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.  जर्मनीत मात्र हरलेल्या सैन्याचे हजारो स्टालहेल्म 1945 नंतर भोके पाडून स्वयंपाकघरातल्या चाळण्या बनले. आज संग्राहक ज्या टोपासाठी धडपडतात, तेच तेव्हा बटाटे धुवायला वापरले जात.

डेक्कन हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे. 1965 मध्ये असल उत्तरच्या रणगाडा-युद्धात ती घोड्यांऐवजी शेरमन रणगाडे घेऊन लढली. तिच्या वाटचालीचा अंदाज घ्यायचा तर बीडहून अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय गाठावे. 1994 मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडाही पाहायला मिळतो.

टोपाचे पोलादही आता मागे पडले. 1965 मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी ज्या तंतूचा शोध लावला, त्या केव्हलारचे टोप 1980 च्या दशकात अमेरिकी सैन्याने स्वीकारले. भारतीय सेनेने गेल्या दशकात कानपूरच्या कंपनीला 1.58 लाख नव्या टोपांचे काम दिले. त्यामुळे पोलादी टोप आता वापरातून सुटून संग्रहाच्या कक्षेत आला आहे. जाणकार संग्राहक तो उलटा करतो, आत पाहतो. पत्र्यावरचा शिक्का, स्टालहेल्मच्या आतल्या बाजूला ठोकलेले कारखान्याचे चिन्ह आणि मापाचा आकडा, चामड्याचे अस्तर, हनुवटीचा पट्टा: बाहेरच्या रंगापेक्षा याच गोष्टी खरे सांगतात. जर्मन टोपांवर नव्याने चिकटवलेली चिन्हे ही बाजारातली जुनी ठकबाजी आहे. एका चिन्हाने किंमत वाढते, म्हणून ते अनेकदा बनावट असते.

आणि कायदाही लक्षात ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे किंवा त्याने नेमलेल्या संस्थेकडे असतो. 1916 चा ब्रॉडी या मोजमापात 2016 मध्येच बसला. 1940 च्या दशकातले मार्क दोन टोप या यादीत यायला अजून काही वर्षे आहेत. तोपर्यंत ते भंगारवाल्याच्या तराजूत जाऊ नयेत, इतके तर मराठवाड्यातल्या निवृत्त फौजींच्या घरांना सांगायलाच हवे.