संपलेला सेल आणि मोजणीबाहेरचे श्रोते

मागच्या व्याख्यानात आपण रेडिओचा इतिहास दिल्लीच्या बाजूने पाहिला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना लागलेली ओहोटी, १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या आवाजात गाजलेली गीतमाला आणि १९५७ साली सुरू झालेली विविधभारती. आज तोच काळ आपल्याला विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघायचा आहे. तोही अशा घरातून, जिथे महिनाअखेरीला पैसे मोजूनच खर्च होत असे.

अशा घरात रेडिओचा खर्च दुकानात संपत नसे, बरं का. रेडिओ बाळगायला परवाना लागे. तो पोस्टातून काढायचा आणि दरवर्षी पैसे भरून पुस्तिकेत तिकीट लावून घ्यायचं. म्हणजे वस्तू आपली, पण ऐकण्याचं भाडं सरकारला. त्यात व्हॉल्व्हचा मोठा सेट असेल तर घरात वीज हवी. १९४७ साली लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधाने पुढे ही अट काढून टाकली, आणि रेडिओ वीज नसलेल्या घरात, गोठ्यात, शेताच्या बांधावर पोचला. मात्र विजेच्या जागी सेल आले, आणि सेल संपतात.

आता निवड बघा. एक बँडचा सेट स्वस्त. त्यावर फक्त मीडियम वेव्ह. दोन बँडचा घेतला तर शॉर्टवेव्हही मिळे, म्हणजे सिलोन मिळे. 'आपल्याला गाणी हवीत की नुसत्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम?' हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर उभं राहून पैशांत सोडवावा लागे. सांस्कृतिक धोरण, सांस्कृतिक धोरण म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी जे बोलतो, ते सामान्य माणसापर्यंत पोचलं ते या बँडच्या रूपाने. एक बँडवाल्यालाही थोडी सवलत निसर्गाने दिली होती. रात्री मीडियम वेव्हच्या लहरी वरच्या वातावरणातून परतून दूरवर जातात, त्यामुळे दिवसा न लागणारी केंद्रं रात्री खरखरत का होईना, लागत. आतला अँटेना दिशेप्रमाणे लहरी पकडतो, म्हणून सेट फिरवून फिरवून आवाज शोधायचा. हे कुणी पुस्तकातून शिकलं नव्हतं.

पण खरी विद्या सेलची. बॅटरीत, म्हणजे विजेरीत, नवे सेल घालायचे. तिचा उजेड पिवळा पडला की ते सेल ट्रान्झिस्टरमध्ये. तिथेही आवाज बसला की, ऐंशीच्या दशकात सेलवरची घड्याळं भिंतीवर आल्यावर, त्यातला एखादा घड्याळात. यात अंधश्रद्धा काही नाही. जुना होताना सेलचा आतला अडथळा वाढतो. विजेरीचा बल्ब एकदम बराच प्रवाह ओढतो, तिथे सेल लगेच मान टाकतो. हळू आवाजात चालणारा रेडिओ त्याहून पुष्कळ कमी ओढतो आणि घड्याळ तर नाममात्र. तेव्हा 'सेल संपला' हे वाक्य अपुरं आहे. कशासाठी संपला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वैशेषिक दर्शनातल्या गुण आणि संबंध यांच्या चर्चेत वर्गात तास जातात. घरातली बाई तो भेद स्वयंपाकघराच्या फळीवर सेलांचे ढीग लावून पाळत असे.

सेल उन्हात ठेवणं तसंच. विश्रांती मिळाली की कार्बनच्या कांडीभोवती साचलेले पदार्थ थोडे पांगतात, उष्णतेने रासायनिक क्रियेला गती येते, आणि सेल एखादा कार्यक्रम आणखी काढतो. मात्र सगळेच उपाय शहाणपणाचे नव्हते. चारांपैकी दोनच सेल नवे घालायची काटकसर सर्रास चाले. त्यात जुने सेल आणखी ओरबाडले जात, बाहेरचं जस्ताचं भांडं खाल्लं जाई, सेल पाझरे आणि आतल्या पट्ट्या गंजत. मग पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सेट दुरुस्तीला न्या. दोन सेलांचे पैसे वाचवून सेटच गेला, असंही झालं आहे. गरिबीतल्या युक्त्यांचं सरसकट कौतुक करण्याची जी टूम हल्ली निघाली आहे, ती आम्हाला म्हणूनच पटत नाही.

हे सगळं इतिहासात का यायला हवं? कारण आपल्याकडचा श्रोता मोजला गेला तो परवान्यांनी. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने खेड्यांत श्रोतामंडळांचा प्रयोग केला. त्याची पाहणी झाली, अहवाल झाला, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. पण परवाना न काढता वापरलेला सेट, सुटे भाग आणून जुळवलेला सेट, एकाच्या ओटीवर वाजणारा आणि दहा जणांनी ऐकलेला सेट, यांची नोंद कुठे करणार? परवान्यांचे आकडे वाचून 'खेड्यांत रेडिओ पोचलाच नव्हता' असं लिहिणारा अभ्यासक पैसे भरणाऱ्यांचा इतिहास लिहितो आणि त्याला ऐकणाऱ्यांचा इतिहास म्हणतो.

१९८० च्या दशकात ही परवाना पद्धत गेली. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत ती पुस्तिका अजून असेल, तर तिकिटांची वर्षं नीट बघा. एखाद्या वर्षाचं तिकीट नसेल, तर त्या वर्षी घरात रेडिओ बंद होता की नुसतेच पैसे नव्हते, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा आणि त्यांचं उत्तर तारखेसह लिहून ठेवा.