देवगिरी (दौलताबाद)

मराठवाड्यातील सुमारे 200 मीटर उंचीचा डोंगरी किल्ला. 1187 च्या सुमारास पाचव्या भिल्लमाने तो यादवांची राजधानी केला. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने येथून अमाप खंडणी नेली. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानी इथे हलवून गावाला दौलताबाद हे नाव दिले.

डोंगराचा पायथा उभा तासून काढलेला असून भोवती खडकात खोदलेला खंदक आहे. त्यापुढची ‘अंधारी’, म्हणजे वळणावळणांचा काळोखी भुयारी जिना, शत्रूला चकवण्यासाठीच. खरी तटबंदी ही!

1499 मध्ये किल्ला अहमद निजामशहाकडे गेला. 1633 मध्ये मोगल आले.

आज बहमनी चाँदमिनार शाबूत आहे; कुतुबशहा अबुल हसनचा तुरुंग ठरलेल्या चिनी महालाच्या मात्र भिंतीच उरल्या असून त्यांवर निळ्या फरशांचे तुकडे दिसतात.